माहेरची वाट आणि अदमची वाट

हे जग सोडून कोठेतरी दूर निघून जावे आणि कोणी छळणार नाही, कोणी ओळखणार नाही अशा ठिकाणी उरलेले दिवस काढावेत, ही इच्छा गाण्यांतून इतक्या वेळा व्यक्त झाली आहे की तिच्याकडे आता आपले लक्षही जात नाही. सैगल यांच्या काळापासून चित्रपटगीतांनी ती घरोघर पोहोचविली. त्यामुळे ही चित्रपटवाल्यांनी काढलेली टूम असावी, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्या गीतांचे लेखक बहुतांशी उर्दूचे शायर होते आणि उर्दू काव्यात ही परंपरा त्यांच्या कितीतरी आधीची आहे. माणसांवाचूनच्या घराची ओढ मिर्झा गालिब यांनी एका प्रसिद्ध गझलेत रंगविली, त्या वेळी आपल्या देशात चित्रपटाचा मागमूसही नव्हता.

एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. निघून जायचे, ते कोठे? याचे उत्तर भाषेगणिक बदलते; इतकेच नव्हे तर एकाच घरात पुरुषांचे उत्तर वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे असू शकते. हैदराबादेत चार-चार, पाच-पाच पिढ्या काढलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना तर ही दोन्ही उत्तरे एका छपराखाली ऐकावयास मिळाली. एक दिवाणखान्यात, उर्दूतून. दुसरे पहाटेच्या अंधारात, जात्यापाशी, मराठीतून. पहिल्याची पुस्तके झाली. दुसऱ्याचे काय झाले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

दिवाणखान्यातील उत्तर आधी पाहू. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराच्या गोष्टी आपल्यापैकी प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असा अंदाज सर्वत्र दिला जातो. नदीवरचे पूल गेले, जुना पूल तेवढा तगला. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड पुढे उस्मानिया इस्पितळाच्या आवारात शहराचे स्मारकच होऊन राहिले. या पुरानंतरच विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले आणि उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) ही धरणे झाली. आपल्या शहराचा आजचा चेहरा त्या एका दिवसाने घडविला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्या पुरात अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी अशी तिघे त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. घरातून ते एकटे वाचले. या प्रसंगावर त्यांनी ‘कयामते सुग्रा’, म्हणजे धाकटा प्रलय, या नावाची कविता लिहिली. पुढे रुबाई या काव्यप्रकारात त्यांनी असे नाव मिळविले की उर्दूत रुबाई म्हटले की अमजद आठवावेत. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुरानंतरची अर्धशतकाहून अधिक वर्षे त्यांनी याच शहरात काढली. त्यांच्या रुबायांत दुःख आहे, विरक्तीही आहे. परंतु निघून जाण्याची घाई नाही. मागायचे तर ईश्वरापाशी आणि ठेवील तसे राहायचे, हा त्यांचा सूर. ज्याला या जगातून उठून जाण्यास सर्वाधिक कारण होते, तोच माणूस तसे म्हणत नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

ते म्हणण्याचे काम दुसऱ्या एका शायराकडे आले. शौकत अली खान ‘फानी’ बदायुनी यांचा जन्म १८७९ चा. त्यांनी वकिलीची परीक्षा दिली, पण वकिली चालली नाही. मन तिच्यात नव्हतेच. १९३० नंतरच्या दशकात महाराजा किशन प्रसाद यांच्या आश्रयाने ते हैदराबादेत आले. महाराजा स्वतः ‘शाद’ या नावाने शायरी करीत आणि गुणी माणसाला हात देण्यात त्यांनी कधी मागेपुढे पाहिले नाही. फानींना शिक्षण खात्यात मुख्याध्यापकाची जागा मिळाली. परंतु मुलकी आणि गैरमुलकी यांच्यातील ताण या संस्थानात किती होता, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. बाहेरून आलेल्या माणसाला हे शहर आदराने बसवी, पण सुखाने बसू देईलच असे नव्हे. त्यातच पत्नी गेली, मुलगी गेली, महाराजांचेही १९४० मध्ये निधन झाले. ऑगस्ट १९४१ मध्ये फानी हैदराबादेतच वारले.

‘फानी’ या शब्दाचा अर्थच नश्वर. मृत्यूची वाट इतक्या आवडीने पाहणारा दुसरा कवी उर्दूत नसेल. उर्दू शायर ज्याला ‘अदम’ म्हणतात, ती नास्ती, ते नसणे, हाच फानींचा मुक्काम. जन्मापूर्वी आपण तेथे होतो आणि पुन्हा तेथेच जाणार, मधला हा अस्तित्वाचा पसारा ही एक उगीचच मागे लागलेली कटकट, अशी ही भूमिका. तेथे कोणी भेटणार नाही, स्वागत होणार नाही, खाणेपिणे नाही, अंगण नाही. या वाटेच्या शेवटी घरच नाही.

निजामाचे धाकटे चिरंजीव मोअज्जम जाह हे ‘शजीअ’ नावाने गझला लिहीत. रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या त्यांच्या दरबारात फानींनाही हजेरी लावावी लागे. सिद्क जायसी यांनी ‘दरबार-ए-दुर्बार’ या पुस्तकात त्या रात्रींचे वर्णन केले आहे. ते वाचताना, मृत्यूवर इतके लिहिणारा हा प्रौढ माणूस राजपुत्राची मर्जी सांभाळीत जागरणे करतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे गझलगायक म्हणून नामांकित झालेले विठ्ठलराव हे कोवळ्या वयात याच राजपुत्राच्या पदरी गात असत. हैदराबादेत गझल नुसती वाचली जात नसे. ती गळ्यांतून गळ्यांत जाई.

ती आपल्या घरांतही आली. १८८४ च्या सुमारास संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे म्हणूनच स्थापन झाले. नोकरी करावयाची तर उर्दू हवी, आणि आपली मंडळी नोकरीसाठीच येथे आलेली. घरचा जमाखर्च मोडीत, देवघरात संस्कृत, कचेरीत उर्दू, अशी विभागणी एकाच माणसात असे. फानींचे शेर मुखोद्गत असणारे मराठी गृहस्थ मी माझ्या लहानपणी पाहिले आहेत. कपाळी गंध, अंगात शेरवानी, आणि बोलण्याच्या ओघात एखादा शेर. मराठीत ‘मला फार वाईट वाटते’ असे वाक्य त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडले नसेल. दुःख सांगावयाचे तर ते उर्दूतून, दुसऱ्याच्या शब्दांत आणि वजनात सांगावयाचे. परक्या भाषेचा हा एक फायदाच असावा.

घरातील स्त्रियांना ही सोय नव्हती. त्यांच्यापैकी बहुतेकींना उर्दू लिहिता-वाचता येत नव्हते आणि दिवाणखान्यात त्यांना जागाही नव्हती. त्यांना होते जाते. पहाटे तीन-चार वाजता उठून ज्वारीचे पायलीभर दळण काढायचे. घर निजलेले, दगडाची घरघर चालू, आणि तिच्या आडोशाला आवाज. जात्याच्या आवाजामुळे शब्द फार लांब जात नसत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दिवसभर जे बोलता येत नसे, ते त्या घरघरीच्या पडद्यामागे बोलता येई.

ओव्यांचे विषय अनेक. देव, बाळ, भाऊ, सण, पीकपाणी. पण सासरच्या जाचाची ओवी घेतली की तिच्यात निघून जाण्याची ओढ हमखास असते आणि जाण्याचे ठिकाण ठरलेले असते. ते माहेर. गझलेतली व्यक्ती म्हणते, कोणी नसेल तेथे जाऊ. ओवीतली बाई म्हणते, माझे सगळे जेथे आहेत तेथे जाऊ. एकाच इच्छेची ही दोन रूपे इतकी उलट आहेत की दोन्ही एकाच वाड्यात नांदत होती यावर विश्वास बसू नये.

माहेर म्हणजे निव्वळ सुखाची जागा, असा मात्र ओवीचा भाबडा समज नाही. सुखवस्तू लेखकांनी माहेरावर बरेच गोड लिहून ठेवले आहे. ओव्या रचणाऱ्या बायका त्यापेक्षा व्यवहारी होत्या. आईबाप आहेत तोवर माहेर. मग भावजयीचे राज्य. मूळ धाडण्यास भावाला कधी सवड नसते, कधी मन नसते. परत गेलेली लेक चार दिवसांची पाहुणी असते आणि पाचव्या दिवशी तिची तिलाच अडचण वाटू लागते. हे सारे ओव्यांत स्पष्ट येते. म्हणजे ती ज्या माहेराला जाऊ पाहते, ते गाव तिच्या लग्नाच्या दिवशीच संपलेले आहे, आणि हे तिला ठाऊक आहे. तरीही ती तेच नाव घेते.

येथेच संतांनी एक मोठे काम केले. न संपणारे माहेर त्यांनी दाखवून दिले. आपल्या जुन्या संस्थानातील गंगाखेडची जनाबाई हिच्याबरोबर विठ्ठल दळू लागतो, ही कथा प्रत्येक दळणारणीला पाठ असे. जगातून सुटून जाण्याऐवजी येथे देवच जात्यापाशी येऊन बसतो. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा याहून कठोर. पंधराव्या शतकात बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा ती पंढरीस जाऊन विठ्ठलाच्या पायांशी राहिली आणि तेथेच तिने देह ठेवला, अशी परंपरा सांगते. तिचा शेवटचा म्हणून समजला जाणारा अभंग म्हणजे पळण्यास दुसरी जागाच न उरलेल्या बाईची हाक आहे. तुकोबांच्या वाट्याला १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ आला; त्यात पत्नी गेली, मुलगा गेला. पण त्यांच्या गाथेत पंढरी माहेर आहे आणि वैकुंठही माहेरच. आजारपणामुळे वारीला जाता आले नाही तेव्हा त्यांनी वारकऱ्यांबरोबर विठ्ठलाला निरोप धाडला. ते अभंग ‘पत्रिकेचे अभंग’ म्हणून प्रसिद्ध आहेत. सासरी अडकलेली लेक गावाकडे जाणाऱ्या माणसापाशी निरोप सांगते, तीच त्यांची रीत. एवढा विरक्त पुरुष सासुरवाशिणीची भाषा घेतो, याचे कारण उघड आहे. निघून जाण्याच्या इच्छेला मराठीत तीच एक तयार भाषा होती आणि ती बायकांनी तयार केली होती.

भागानगरचा विचार करता केशवस्वामींना वगळून चालणार नाही. समर्थ, जयरामस्वामी वडगावकर, रंगनाथस्वामी निगडीकर, आनंदमूर्ती ब्रह्मनाळकर आणि केशवस्वामी भागानगरकर हे रामदास पंचायतन. कुतुबशाहीच्या राजधानीत बसून या पुरुषाने मराठीत पदे लिहिली, तशीच दख्खनी हिंदीतही लिहिली. आपल्या दोन भाषांच्या संसाराचा हा पहिला मोठा साक्षीदार. त्याच सुमारास गोवळकोंड्याच्या तुरुंगात कंचर्ल गोपन्ना, म्हणजे भद्राचलम रामदास, तेलुगूत कीर्तने रचीत होते. पालवंचा परगण्याच्या या तहसीलदाराने सरकारी वसूल रामाच्या देवळावर आणि दागिन्यांवर खर्च केला, म्हणून ही कैद. एका कीर्तनात त्यांनी कोणत्या दागिन्याला किती खर्च आला याचा हिशेब रामापुढे मांडला आहे. सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला हे कीर्तन ऐकताना भक्तीइतकीच लेखापरीक्षणाची आठवण होते. गंमत अलाहिदा, पण त्यांना जगातून सुटायचे नव्हते. कोठडीतून सुटायचे होते आणि ती मागणी त्यांनी रोखठोक केली.

सूफींनीही जात्याचे मोल ओळखले होते, हे येथे सांगितले पाहिजे. दख्खनीत ‘चक्कीनामा’ नावाचा गीतप्रकार आहे, दळताना म्हणावयाचा. विजापूरच्या सूफी घराण्यांनी सतराव्या शतकात तो रुजविला. जात्याचा उभा खुंटा अलिफ या अक्षरासारखा दिसतो आणि अलिफवरून अल्लाचे नाव आठवते, अशी त्याची योजना. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने या गीतांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केला आहे. म्हणजे दख्खनमध्ये हिंदू असो वा मुसलमान, बाईला परलोकाची वाट दाखवायची तर ती जात्यावरून दाखवावी लागे.

फानी गेले त्याच १९४१ सालच्या डिसेंबरात ग्वाल्हेरला भा. रा. तांबे गेले. तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी, संस्थानी वातावरणातले, गाण्याचा कान असलेले. मृत्यूची गाणी त्यांनीही लिहिली आणि ती आजही गायली जातात. त्यांच्या एका अतिशय गाजलेल्या गीतात जीव ही नवी नवरी होते. प्रियकराकडे जावेसे वाटते आणि पाऊलही अडते. संतांनी मृत्यूला माहेर म्हटले, तांब्यांनी त्याला सासर केले. उत्तरेकडे कबीरादिकांच्या पदांत हा प्रकार जुनाच होता. तेथे जग म्हणजे नैहर आणि देव म्हणजे सासर. उत्तरेत वाढलेल्या तांब्यांकडे तो तिकडूनच आला असावा, असे मला वाटते. पण सासर झाले तरी ते घरच आहे. दार आहे, पलीकडे कोणी वाट पाहणारे आहे. ज्या वर्षी हैदराबादेत एक कवी अदमची वाट चालून गेला, त्याच वर्षी ग्वाल्हेरीतला मराठी कवी मृत्यूलाही मुंडावळ्या बांधून गेला. दोन्ही उत्तम कवी. पण मला स्वतःला तांबे जवळचे वाटतात, हे सांगण्यात संकोच नाही.

मखदूम मोहिउद्दीन यांनी तिसरी वाट धरली. त्यांचा जन्म पुराच्याच वर्षी, १९०८ चा. जग दुःखाचे आहे ना, मग ते बदलू. जायचे असेल तर सगळ्यांना बरोबर घेऊन जाऊ, अशी ही धारणा. १९४७-४८ च्या दिवसांत आपल्या कित्येक कुटुंबांना खरोखरच बायकामुले सरहद्दीपलीकडे पाठवावी लागली. ज्यांना खरे पळावे लागते त्यांना पळण्याचे गाणे रचायला फुरसत नसते. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

पुन्हा जात्याकडे वळू. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे पूर्ण झाली. नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना, औरंगाबाद, ही सारी माहेरे एका रुळावर आली. जेथून मूळ यायला आठवडा लागे तेथून भाऊ दुसऱ्या दिवशी येऊ लागला. ओवीने आगगाडीला लगेच सामावून घेतले. मराठवाड्याच्या ओव्यांत गाडी, तिकीट, टपाल ही सारी मंडळी दिसतात. माझी आजी सेलूची. तिच्या ओव्यांत विठ्ठलाच्या आधी पूर्णा जंक्शन येई, कारण तेथे उतरून दुसऱ्या गाडीने येणारी तिची बहीण तिला भेटत असे. फानींच्या काव्यात एकाही स्टेशनाचे नाव असण्याचे कारण नाही.

मग पिठाच्या चक्क्या आल्या. बायकांची पहाट वाचली, खांदे वाचले, आणि याबद्दल हळहळण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्यांना जाते ओढावे लागले नाही तेच जात्याच्या आठवणीने गहिवरतात. परंतु काम गेले तसे गाणेही गेले. ओवी बसल्या जागी आठवत नाही. हात फिरू लागला की पुढचा शब्द येतो, असे जुन्या बायका सांगतात.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ मध्ये हजारो ओव्या जतन केल्या. ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातील स्त्रीगीते ‘मराठीचा मोहोर’ या नावाने संग्रहित केली. हेमा राइरकर आणि गी पॉयटवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या. माजलगावच्या दलित स्त्रियांच्या ओव्या त्यात आहेत, आणि २०१७ पासून हा साठा आवाजासह सर्वांसाठी खुला होत आला आहे. हे सर्व काम गावांकडे पाहून झाले, आणि ते योग्यच होते. पण शहरात आलेल्या, उर्दूच्या शेजारात राहून मराठीत दळणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांच्या ओव्या त्यात येणार कशा? फानींची ‘बाकियात’ १९२६ पासून छापील आहे. ज्या घरात ती वाचली गेली, त्याच घराच्या माजघरातले काव्य कोणी उतरून घेतले नाही. घरातले पुरुष शिकलेले होते, काव्याचे मर्मज्ञ होते, आणि पहाटे चार वाजता ते झोपलेले असत.

आपल्या सभासदांच्या घरी ऐंशी-नव्वदीच्या ज्या बायका आहेत, त्यांच्यापाशी अजून काही शिल्लक आहे. कागद घेऊन समोर बसल्यास त्या ‘मला कुठे येतंय’ म्हणून उठून जातात. हाताला काही काम असावे. निवडायला तांदूळ, वळायला वाती. मधे प्रश्न विचारू नये. कोणत्या गावची, कोणत्या साली लग्न होऊन आली, कोणत्या गल्लीत राहिली, हे मागाहून विचारून लिहून ठेवावे, कारण त्याशिवाय ओवीचा पत्ता लागत नाही. माझी आत्या एक्याण्णव वर्षांची आहे. तिच्या अकरा ओव्या मी उतरून घेतल्या. त्यांपैकी चार पुऱ्या आहेत, सातांची दुसरी ओळ तिला आठवत नाही. एका ओवीत गाडी काचीगुड्याहून सुटते, एवढे निश्चित. पुढे कोणते स्टेशन येते ते तिला सांगता आले नाही.